चौथ्या मजल्यावरचा खर्ज

देरा, दुबई
९ मार्च २०२५

प्रिय नेल्सन मामा,

तुमचा डेरिक म्हणाला की फोनवर तुम्हाला हल्ली माझं बोलणं नीट कळत नाही आणि मोबाइलच्या बारीक अक्षरांवर तुम्ही चिडता. म्हणून कागदावर लिहिते आहे. फोटो काढून त्याला पाठवीन, तो मोठा करून छापून तुमच्या हातात देईल. तुम्हीही तसंच करा. तुमचं अक्षर बघून फार वर्षं झाली.

आम्ही बरे आहोत. व्हिवियन आठवडाभर अबू धाबीकडे मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये असतो, शनिवार-रविवार घरी. केया चौथीत गेली आणि मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. माझी ड्युटी त्याच हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर. यंदा आपला भस्म बुधवार आणि इथला रमजान एकाच आठवड्यात आले, त्यामुळे बिल्डिंगमध्ये ज्याचा त्याचा उपास चालू आहे.

खरं तर एक काळजी आहे. ऑर्गनची गोष्ट तुमच्याशिवाय कोणाजवळ बोलणार?

आमच्या वरच्या मजल्यावर सायोको किमुरा नावाची बाई राहते. जपानी, सत्तरीला टेकलेली, चणीने आपल्या एडना मावशीएवढी. आमच्याच हॉटेलच्या लाउंजमध्ये गेली अठरा-एकोणीस वर्षं जाझ ऑर्गन वाजवते. स्वतःचा जुना ऑर्गनही घरी आहे, कपाटाएवढा. रमजानात लाउंजमधलं संगीत बंद असतं, म्हणून ती रोज संध्याकाळी सहाला घरीच रियाज करते. वरचे सूर आम्हाला ऐकू येत नाहीत. येतो तो फक्त पायाने वाजवायच्या पट्ट्यांचा खर्ज. छतातून झिरपतो आणि आमच्या स्वयंपाकघरातली भांडी हळूच थरथरतात. आधी त्रास व्हायचा. आता त्यावर भाजी फोडणीला टाकते.

ती एकटी आहे. लग्न केलं नाही, जपानमध्ये एक पुतण्या आहे तेवढाच. मागच्या वर्षी आमच्या हॉटेलचा एक पेस्ट्री शेफ खोलीतच वारला आणि ड्युटीवर आला नाही म्हणून दोन दिवसांनी कळलं. ते तिच्या मनात बसलं. लाउंज बंद झाल्यावर तिने मला वर बोलावलं, दाराची किल्ली हातात दिली आणि म्हणाली, "मरिसा-सान, मी रोज सहाला वाजवते. एखाद्या दिवशी वाजलं नाही, तर वर ये." एवढंच. मी हो म्हटलं. आता सहा वाजायला आले की माझा जीव छताला टांगलेला असतो. दोन मिनिटं उशीर झाला तरी किल्ली शोधायला लागते.

आणि मामा, तिचा डावा पाय अधूनमधून चुकतो. मला कळतं. खर्ज चालता चालता मध्येच एक पायरी गळल्यासारखी होते. मी विचारलं तर हसली, "म्हातारा पाय," म्हणाली. डॉक्टरकडे जायला तयार नाही. हॉटेलच्या इन्शुरन्सवर गेलं की ऑफिसला कळतं, आणि तिला ते नको आहे. मलाही शपथ घातली आहे. काय करू, लिहा.

तुमची भाची,
मरिसा


वसई
१६ मार्च २०२५

प्रिय मरिसा बाय,

पत्र मिळालं. डेरिकने एवढं मोठं छापून आणलं की मला वाटलं इलेक्शनचं पोस्टर आहे. माझे कान थोडे जड झालेत, बाकी काही नाही. लोक तोंडातल्या तोंडात बोलतात हा त्यांचा दोष.

तुझ्या जपानी बाईविषयी. मी चाळीस वर्षं चर्चमध्ये ऑर्गन वाजवला आहे आणि माझं मत तुला ठाऊक आहे. ऑर्गन देवासाठी आहे. लोक बर्फ घातलेले ग्लास हातात घेऊन गप्पा मारत असताना तो वाजवायचा म्हणजे पाद्रीबाबांना लग्नाच्या वरातीत नाचायला लावण्यासारखं. तिला माझा नमस्कार सांग, पण हे मतही सांग.

तरी एक कबूल करतो. हाताने सूर धरायचा, पायाने खर्ज चालवायचा आणि वर ताल सोडायचा नाही, हे जाझवाले ऑर्गनवर करतात ते सोपं नाही. मी स्तोत्रांना खर्ज द्यायचो तो बैलगाडीच्या चालीने. तिचा पळत असणार. कुठे शिकली ते विचार.

पायाचं म्हणशील तर घाबरू नकोस. पट्टीवरून पाय घसरतो तो बुटामुळे. रबरी तळव्याचे बूट घालत असेल. पातळ चामड्याच्या तळव्याचे, टाचेला थोडी उंची असलेले बूट घ्यायला सांग. माझंही असंच झालं होतं, फादरांनी मला म्हातारा ठरवलं होतं. बूट बदलले आणि ते तोंडावर पडले.

तू दहा वर्षांची असताना माझ्याकडे शिकायला यायचीस ते आठवतं का? पाय पोचत नाहीत म्हणून पळालीस. आता पोचत असतील.

इस्टरची तयारी चालू आहे. गायकवृंद यंदा ढिला आहे, पण मी आहे म्हटल्यावर निभेल.

तुझा मामा,
नेल्सन


देरा
६ एप्रिल २०२५

प्रिय मामा,

ईद झाली. वरच्या हाफिजाने शीरखुर्मा एवढा पाठवला की माझा उपवासकाळ धोक्यात आला. ती दापोलीकडची, सायोकोच्या समोरच्या दारात राहते. नवऱ्याचं देऱ्यातच सुक्यामेव्याचं दुकान आहे.

तुमचं मत मी सायोकोला सांगितलं. मला वाटलं रागावेल. ती हसून हसून खुर्चीत बसली. म्हणाली, "तुझ्या मामाला सांग, मी जाझ चर्चमध्येच शिकले."

मग तिने सगळं सांगितलं. योकोहामात ऑर्गन विकणाऱ्या दुकानात नोकरीला होती. गिऱ्हाइकांना वाजवून दाखवायचं काम. एकदा बंदरावर उतरलेल्या एका अमेरिकन खलाशाने तिच्या त्या गोड-गोड चाली ऐकल्या आणि डाव्या पायाकडे बोट दाखवून म्हणाला, हा झोपलाय. तेवढ्यावर ती बाविसाव्या वर्षी शिकागोला गेली. दोन वर्षं एका काळ्या लोकांच्या चर्चमध्ये दर रविवारी ऑर्गनवालीच्या बाकाशेजारी उभी राहून तिचे पाय बघत होती. भाषा येत नव्हती, म्हणून पायच बघितले, म्हणते. पुढे क्लब. तिथे बाई म्हणून आणि परदेशी म्हणून कोणी बसू देईना. पडद्यामागून वाजवून दाखवलं तेव्हा नोकरी मिळाली, पडदा सरकला तेव्हा गेली. मग कोपनहेगन, मग जहाजांवर, मग बँकॉकची हॉटेलं, मग इथे. दोन रेकॉर्ड निघाल्या, त्यातली एक तिच्याकडेच नाही. जपानला परत का गेली नाहीस विचारलं तर म्हणाली, "तिथे मी अजून दुकानातली मुलगी आहे."

तुम्ही सांगितले तसे बूट घेतले. देऱ्यातल्या मोच्याकडून तळवा बदलून घेतला. चार दिवस खर्ज सरळ चालला आणि मी देवाचे आभार मानले. काल पुन्हा गळला. शिवाय काल चहा देताना तिच्या डाव्या हातातून बशी पडली. तिने लगेच उचलली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी काही पाहिलंच नाही असं केलं.

लाउंज ईदनंतर उघडलं नाही. दुरुस्ती काढली आहे, मे महिन्यात नव्याने उघडणार. नवे मॅनेजर त्या दिवशी तिचं वाजवणं ऐकून ठरवणार की ठेवायचं की डीजे आणायचा. ती रोज त्याचीच तयारी करते. मला म्हणाली, "त्या दिवशी पाय चालला पाहिजे. मग काय व्हायचं ते होऊ दे." ती ऑर्गनशिवाय कशी जगेल हे मला समोर दिसतच नाही.

हॉटेलला सांगितलं तर मी तिची नोकरी घालवीन. नाही सांगितलं तर कशाला तरी जबाबदार होईन. व्हिवियन म्हणतो, "तू कशाला टेन्शन लेती है, बडी औरत है, उसको समझता है." त्याचं बरोबर असेल.

मरिसा


वसई
१२ एप्रिल २०२५

प्रिय मरिसा बाय,

चर्चमध्ये शिकली म्हणतेस तर माझं मत अर्धं मागे घेतो. अर्धं राहू दे, म्हाताऱ्याला काहीतरी राखायला हवं. दोन वर्षं उभं राहून दुसऱ्याचे पाय बघायचे, हे मी ऐकलं नव्हतं. ही बाई आपल्यातली आहे.

बशी पडणं वगैरे वयाचं असतं. माझ्याही हातातून पडतात. फार विचार करू नकोस.

उद्या झावळ्यांचा रविवार. एक विनंती आहे आणि ती तू तिच्यापर्यंत पोचव. पवित्र गुरुवारच्या मिस्सात ग्लोरियाचं स्तोत्र म्हटलं जातं, त्यानंतर आपल्याकडे ऑर्गन गप्प होतो. घंटाही गप्प. थेट शनिवारी रात्री इस्टरच्या जागरणात पुन्हा ग्लोरिया येईपर्यंत. मी ऑर्गनला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवतो. आजी तर त्या दिवसांत पोरांना पातेल्यावर चमचाही वाजवू द्यायची नाही. देऱ्यात कोण पाळतं म्हणशील, पण तुझ्या घरात पाळलं जावं असं मला वाटतं. शुभ शुक्रवारी तुझ्या डोक्यावर जाझ चालू असेल तर प्रार्थना कशी होणार? तिला नीट समजावून सांग. ऑर्गनवाली आहे, तिला कळेल. तीन दिवस गप्प बसलेला ऑर्गन शनिवारी उघडतो तेव्हा कसा वाजतो, ते ज्याने ऐकलं त्यालाच माहीत.

केयाला पापा.

नेल्सन मामा


देरा
१८ एप्रिल २०२५, शुभ शुक्रवार

प्रिय मामा,

तुमची विनंती मी बुधवारीच पोचवली. लिफ्टपाशी भेटली तेव्हा सगळं सांगितलं. तिने कान देऊन ऐकलं, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "तीन दिवस एकही सूर नाही. वचन." मग बोट ओठांवर ठेवून केयाला डोळा मारला.

काल संध्याकाळी आम्ही ऊद मेथाच्या चर्चमध्ये होतो. एवढी गर्दी की आम्ही बाहेर आवारात उभे. घरी आलो तर छत शांत. आज सकाळीही शांत. फार वेगळं वाटलं. रोज सहाला माझा जीव टांगणीला लागतो, आज पहिल्यांदा घड्याळाकडे बघायचं कारण नाही. खोटं कशाला बोलू, महिनाभरात पहिल्यांदा मी निवांत झोपले.

एक गंमत सांगते. आज दुपारी ड्युटीवरून लवकर सुटून आले, चर्चला जायची तयारी करत होते आणि अचानक छतातून सूर आला. एकच. सगळ्यात खालचा, फिका आणि बराच लांबलेला. मग थांबला. केया म्हणाली, "मम्मा, शी ब्रोक द प्रॉमिस!" मलाही थोडा राग आला. एवढं समजावलं होतं. मग वाटलं, सवय असते, चुकून पाय पडला असेल आणि आठवल्यावर तिने उचलला असेल. पुन्हा काही वाजलं नाही.

जाताना तिच्यासाठी पेज आणि कैरीचं लोणचं पिशवीत घालून वर गेले. तिच्या दारापाशी उभी राहिले आणि बेलवर बोट ठेवलं, तेवढ्यात तुमची आठवण झाली. आज चर्चची घंटा वाजत नाही, मग मी बेल कशी वाजवू? पिशवी कडीला अडकवली आणि आले. बघा, तुमची भाची किती शहाणी झाली.

उद्या सकाळची ड्युटी. जागरणाच्या मिस्साला जाऊच.

मरिसा


वसई
१९ एप्रिल, शनिवार सकाळ

मरिसा,

पत्र आत्ता वाचलं. डेरिक तुला फोन लावतोय, तू उचलत नाहीस.

ताबडतोब वर जा. ऑर्गनवर बसलेला माणूस उजवा पाय आवाजाच्या पेडलवरून कधी काढत नाही. तो काढला की सूर फिका होतो. आणि खर्ज एकटा कोणी धरत नाही, इतका लांब तर नाहीच. तो सूर बाकावर बसून वाजवलेला नाही, खालून दाबलेला आहे. ती जमिनीवर आहे.

ती तुला बोलावत होती. जा.

मामा


दुबई, हॉस्पिटल
२१ एप्रिल २०२५

प्रिय मामा,

डेरिकने तुम्हाला सांगितलंच असेल. तरी मला तुम्हाला लिहायचं आहे, कारण तोंडाने मला हे कोणाला सांगता येत नाही.

ड्युटीवर फोन लॉकरमध्ये असतो. टी-ब्रेकला काढला तेव्हा डेरिकचे कॉल आणि तुमचा कागद. मग हाफिजाला फोन केला. ती शुक्रवारी शारजाला बहिणीकडे होती, सकाळीच परत आलेली. म्हणाली, "अगं, मी तुलाच विचारणार होते. जपानी मावशी गावाला गेली का? दाराच्या कडीला पिशवी तशीच आहे, मुंग्या लागल्यात." मी म्हटलं, दार वाजव, जोरात वाजव, तोड. तिने वॉचमनला आणलं, त्याच्याजवळच्या किल्लीने उघडलं. मी टॅक्सीतून पोचले तोवर अँब्युलन्स खाली उभी होती.

बाक आणि पायपट्ट्या यांच्या मधे पडली होती. ऑर्गनचा लाल दिवा चालू. शुद्धीत होती. डावी बाजू गेलेली. डॉक्टर म्हणाले मेंदूत रक्ताची गाठ अडकली, शुक्रवारी सकाळी कधीतरी. त्याआधी येऊन गेलेले छोटे झटके असणार, पाय लटपटणं, हातातून वस्तू पडणं, कोणी पाहिलं होतं का? मी म्हटलं, मी पाहिलं होतं. लवकर आणलं असतं तर, असं म्हणून ते पुढे बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आज तिला थोडं बोलता येतंय. जीभ जड आहे पण कळतं. शुक्रवारी सकाळी ती मेची तयारीच करत होती. पट्ट्या न दाबता, नुसती पावलं ठेवत. वचन होतं ना. तशीच बाकावरून खाली कोसळली. हाका मारल्या, पण एसीच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार. बऱ्याच वेळाने उजवा हात पट्टीपर्यंत पोचला आणि तिने ती दाबून धरली. मी विचारलं, पुन्हा का नाही दाबलीस? सारखी का नाही दाबलीस?

म्हणाली, "तू दारापर्यंत आलीस. पिशवीचा आवाज ऐकला. मग गेलीस. मला वाटलं, मी वचन मोडलं म्हणून रागावलीस."

मामा, मी त्या दारापाशी उभी होते. माझं बोट बेलवर होतं. माझ्या पर्समध्ये तिची किल्ली होती. महिनाभर मी त्या शांततेलाच घाबरत होते, आणि ती आली तेव्हा मी तिच्याखाली पाय पसरून झोपले. वाजलं नाही तर वर ये, एवढं एकच तिने सांगितलं होतं. मी तिला न वाजवायला सांगितलं आणि ते विसरले.

ती जगेल म्हणतात. पाय चालेल का ते कोणी सांगत नाही. मी पाया पडून माफी मागितली तर तिने उजव्या हाताने माझे केस नीट केले. त्यापेक्षा मारलं असतं तर चाललं असतं.

इस्टरला आम्ही कुठेच गेलो नाही.

मरिसा


वसई
२५ एप्रिल २०२५

प्रिय मरिसा बाय,

तुझं पत्र रोज वाचतो आहे. तू एकटी नाहीस. पाय चुकतो असं तू दोनदा लिहिलंस, मी तुला बूट सांगितले. बशी पडली लिहिलंस, मी वयावर ढकललं. डॉक्टरकडे ओढत ने, एवढं एक वाक्य मला लिहिता आलं नाही. आणि गप्प बसायला मीच सांगितलं. दोष वाटून घ्यायचा तर मोठा वाटा माझ्याकडे दे, मी मोठा आहे.

आता माझंही ऐक, कारण लपवण्यातून काय होतं ते आपण बघितलं. माझे कान थोडे जड नाहीत. डावा संपलाय, उजव्यात गुणगुण तेवढी राहिली आहे. झावळ्यांच्या रविवारी गायकवृंद थांबला आणि मी एक अख्खं कडवं एकटाच वाजवत राहिलो. लोक वळून बघत होते, मला वाटलं छान वाजतंय म्हणून बघतात. मंगळवारी फादर घरी आले, चहा घेतला आणि फार गोड बोलून ऑर्गनची किल्ली मागून नेली. कुलूप लावायला यंदा माझ्याकडे किल्लीच नव्हती. तुझ्याकडे गप्प बसण्याचा हट्ट धरला त्यात भक्ती किती आणि ऑर्गन हातचा जाईल या भीतीचा राग किती, ते मलाच माहीत नाही. रविवारच्या त्या कडव्याआधीच लोक मला आडून सुचवत होते.

शनिवारच्या जागरणाला गेलो, बाकावर मागे बसलो. डेरिकने फोनवर लिहून दाखवलं, सापडली, जिवंत आहे. तेवढ्यात ग्लोरिया सुरू झालं. नवा मुलगा वाजवत होता. मला काही ऐकू आलं नाही. पण त्याने खर्ज दिला तेव्हा बाकाचं लाकूड थरथरलं आणि ते माझ्या पाठीतून वर आलं. मी रडलो. शेजारच्यांना वाटलं किल्ली गेली म्हणून रडतोय.

तिला सांग, वसईत एक बहिरा ऑर्गनवाला आहे. त्याला फक्त खर्ज कळतो. तो तिचा कळला.

आणि तिचा उजवा पाय कसा आहे ते विचार. त्याने आयुष्यभर आवाजच सांभाळला. आता त्याला शिकवायचं.

मामा


देरा
२९ जून २०२५

प्रिय मामा,

सायोको घरी आली. हाफिजा आणि मी पाळी लावली आहे, दुपार तिची, संध्याकाळ माझी. पुतण्या योकोहामाहून आला होता, चांगला मुलगा आहे. तिला घेऊन जायला तिकीट काढूनच आला होता. ती ऑर्गनकडे बोट दाखवून काहीतरी बोलली आणि तो एकटाच परत गेला. लाउंजमध्ये डीजे आला आहे. व्हिसा डिसेंबरपर्यंत आहे, पुढचं हाफिजाच्या भाषेत इन्शाल्ला. मला त्याची भीती वाटते, पण मी ती आता लपवत नाही, हॉटेललाही सगळं सांगून टाकलं आहे. एचआरने फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, ती जेवते का नीट. मी उगाच त्यांना राक्षस समजत होते.

डावा पाय आला नाही. डावा हात मांडीवर ठेवलेला असतो. तुमचं उजव्या पायाचं सांगितलं तेव्हा तिने बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हा झोपलाय." मग स्वतःच हसली. आता रोज त्याला शिकवते. आवाजाचं पेडल मी हाताने दाबून धरते, जमिनीवर बसून. पायांकडे बघत. तिचा उजवा हात वर गातो आणि पाय खाली एकेक पट्टी शोधतो, अंधारात जिना उतरतात तसा. परवा सलग चार सूर बरोबर आले. केयाने टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, "अगेन, आंटी."

मी तिला तुमचं पत्र वाचून दाखवलं होतं. तिने एक गोष्ट मागितली आहे. तुम्ही दिवसभर घरात एकटे असता, डेरिक कामावर. तर रोज संध्याकाळी एक ओळ लिहून फोटो पाठवायचा. काहीही लिहा, फादरांना शिव्या दिल्यात तरी चालेल. ओळ आली नाही तर मी शेजारच्या जेराल्डला फोन करणार. त्याच्याकडे तुमची किल्ली देऊन ठेवा. यात कुठलाही सण, कुठलंही मौन मधे येणार नाही.

आमचंही नवं ठरलं आहे. मी खाली असले तर सहाला ती उजव्या पायाने सगळ्यात खालचा एक सूर धरते, लांब. त्याचा अर्थ, मी बरी आहे, बाकावर बसले आहे, तू तुझं काम कर. आजही वाजला. भांडी थरथरली.

मला त्याचा अर्थ पाठ आहे, मामा. तरी मी रोज गॅस बंद करते, किल्ली घेते आणि जिन्याने धावत वर जाते.

तुमची,
मरिसा